मालवणच्या समुद्रातील सामूहिक नौकाविहार व स्नॉर्केलिंग सहलीचे नियोजन : निफाड तालुक्यातील गटांच्या संदर्भात

प्रस्तावना

निफाड तालुका हा गोदावरी व कादवा या नद्यांच्या पाण्यावर समृद्ध झालेला द्राक्ष, कांदा आणि उसाचा प्रदेश आहे. समुद्राशी या भूभागाचा प्रत्यक्ष संबंध नाही. तथापि माजी विद्यार्थ्यांचे मेळावे, शिक्षक-कर्मचाऱ्यांचे गट, बागायतदारांची मित्रमंडळे आणि एकत्र कुटुंबे यांना सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, तारकर्ली व देवबाग या किनाऱ्याचे आकर्षण आहे. संपूर्ण होडी आपल्याच गटासाठी ठरवून समुद्रात जाणे आणि मुखवटा व नळी लावून पाण्याखालचे जग पाहणे, म्हणजेच स्नॉर्केलिंग करणे, हा अशा सहलीचा मुख्य कार्यक्रम असतो.

या सहलीचे नियोजन करताना चर्चा बहुधा बसभाडे, निवास आणि जेवण या तीन बाबींभोवतीच फिरते. समुद्रात जाण्याचा दिवस सुटीच्या सोयीने ठरतो आणि वेळ न्याहारी आटोपल्यावर. वास्तविक या दोन गोष्टी समुद्र ठरवतो. प्रस्तुत लेखात भरती-ओहोटी, वारा व ऋतू यांच्या आधारे सहलीचा दिवस आणि घटका कशी निवडावी, तसेच होडी ठरवताना कोणत्या अटी आधीच बोलून घ्याव्यात, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

परिचयाचे पाणी आणि अपरिचित पाणी

निफाडकरांना पाणी अनोळखी नाही. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळील नांदूरमध्यमेश्वर बंधारा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत पूर्ण झाला. त्याच्या जलाशयावर वाढलेल्या पक्षी अभयारण्याला २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ होण्याचा मान मिळाला. परंतु हे पाणी गाळाचे व गढूळ आहे. ते काठावरच्या मनोऱ्यातून दुर्बिणीने पाहण्याचे पाणी आहे, त्यात डोके घालून काही दिसत नाही. शिवाय जलाशयाची पातळी आवर्तन सुटले की उतरते आणि पावसाळ्यात चढते. तिच्यातील बदल दिवसांत व आठवड्यांत मोजला जातो, तर समुद्राची पातळी एका दिवसात दोनदा चढते आणि दोनदा उतरते.

हा फरक पोहणाऱ्यांच्या बाबतीतही जाणवतो. या तालुक्यातील पुष्कळ मंडळी लहानपणी कमरेला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली आहेत. विहिरीत प्रवाह नसतो आणि कोणत्याही बाजूला दहा-वीस हातांवर कठडा सापडतो. विहिरीत उत्तम पोहणारा समुद्रातही तितकाच सुरक्षित असतो असे मानणे धोक्याचे आहे. किंबहुना अजिबात न पोहता येणारा पर्यटक जीवरक्षक जाकीट मुकाट्याने घालतो, आणि विहिरीचा पट्टीचा पोहणारा ते काढून ठेवतो, असा अनुभव येण्याची शक्यता अधिक.

दिनांक १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड येथे पुण्यातील एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडून मृत्युमुखी पडले. ते होडीत नव्हते, किनाऱ्यावरून पाण्यात उतरले होते. समुद्र अपरिचित असणे म्हणजे काय, याचे हे विदारक उदाहरण होय.

तिथी आणि भरतीची वेळ

भरती-ओहोटी चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणामुळे होते, हे शालेय भूगोलात शिकवले जाते. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास दोघांचा परिणाम एकत्र येऊन उधाणाची भरती येते, तर अष्टमीच्या सुमारास तो परस्परांच्या आड येऊन भांगाची भरती येते. उधाणात पाणी जास्त चढते व जास्त उतरते, त्यामुळे प्रवाह जोरकस असतात. भांगाच्या दिवसांत चढउतार कमी आणि प्रवाहही मंद असतात.

शाळेत सहसा न शिकवला जाणारा, परंतु कोकणातील मच्छीमार व जलदुर्गांवर जाणारे भटके यांच्या नित्य वापरातील एक आडाखा येथे उपयोगी पडतो. चालू तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून पूर्ण भरती सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास आणि पूर्ण ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. एकादशीला भरती सव्वाआठला, पौर्णिमेला सव्वाअकराला. चंद्रोदय रोज सुमारे पन्नास मिनिटे मागे सरकतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते, हे या आडाख्यामागचे कारण. पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असल्याने मालवणला ती मुंबईच्या आधी येते. त्यामुळे आडाख्यात तासाभराचा फरक पडू शकतो. अंतिम वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी तक्त्यावरून किंवा स्थानिक बंदर कार्यालयाकडून पडताळून घ्यावी. तिथीचा उपयोग सहलीचा आठवडा निवडण्यापुरता आहे, होडी सोडण्याची घटका तक्त्यावरून ठरवावी.

ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या साधारण सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या व शेवटच्या तासात ते फार थोडे चढते आणि मधल्या दोन तासांत एकूण चढाच्या निम्मे चढते. मालवण परिसरात उधाणाच्या दिवशी हा चढ सुमारे दोन मीटर धरला, तर मधल्या दोन तासांत मीटरभर पाणी वाढते. प्रवाह याच वेळी सर्वाधिक असतो. पूर्ण भरतीच्या आगेमागे मात्र पाणी काही काळ थबकते. स्नॉर्केलिंगला हवा असलेला काळ तो हाच.

या काळाला आणखी एक महत्त्व आहे. मालवणच्या उत्तरेस कोळंबची खाडी आहे आणि दक्षिणेस देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीच्या वेळी खाड्यांतील गढूळ पाणी बाहेर येते, तर भरतीबरोबर खुल्या समुद्रातील निवळ पाणी किनाऱ्याकडे सरकते. सकाळी आठला स्वच्छ दिसणारा खडक दुपारी धूसर दिसतो, त्यामागे सहसा हेच कारण असते.

वारा आणि ऋतू

खारे वारे व मतलई वारे यांची व्याख्या सर्वांना पाठ असते, पण सहल ठरवताना तिचा विचार क्वचितच होतो. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो व किनाऱ्यालगतचे पाणी तुलनेने शांत असते. दुपारकडे जमीन तापली की वारा उलटतो आणि पाण्यावर लाटा उठू लागतात. नळी लावून पाण्यावर पालथे तरंगणाऱ्या नवशिक्याच्या नळीत अशा लाटांचे पाणी शिरते, तो घाबरतो आणि मुखवटा काढण्याची धडपड करतो.

भरती आणि वारा यांचा एकत्र विचार केल्यास दशमी ते द्वादशी हे दिवस, शुद्ध पक्षातील असोत वा वद्य, सर्वांत सोयीचे ठरतात. पूर्ण भरती सकाळी सात ते नऊच्या दरम्यान येते, उधाण अद्याप पूर्ण जोरात नसते आणि वारा उलटण्यास अवकाश असतो. दिवाळीच्या सुटीचे उदाहरण बोलके आहे. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते. भाऊबीज आटोपून लगेच निघालेला गट उधाणाच्या दिवसांत पोहोचतो. त्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास ओहोटी व दुपारी एकच्या सुमारास भरती असल्याने, दहाच्या सुमारास पाण्यात उतरणारे पर्यटक नेमके सर्वाधिक प्रवाहाच्या वेळी उतरतात. तीच सहल आठवडाभर पुढे ढकलून प्रबोधिनी एकादशीच्या आसपास नेली, तर खर्च तोच राहून समुद्र वेगळा भेटतो. नाताळच्या सुटीत तिथी दरवर्षी बदलते, म्हणून तेथे पंचांग उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

ऋतूचा प्रश्न निफाडच्या गटांसाठी अधिक अडचणीचा आहे. पावसाळ्यातील गाळ खाली बसल्यानंतर, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, मालवणचे पाणी चांगले असते. परंतु याच काळात द्राक्षबागायतदाराला फुरसत नसते. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या, विरळणी आणि थंडीपासून घडांचे रक्षण यांत तो गुंतलेला असतो आणि जानेवारीपासून काढणी सुरू होते. काढणी व एप्रिलमधील खरड छाटणी उरकून, मुलांच्या परीक्षा संपवून तो मोकळा होतो तो मे महिन्यात. मे महिन्याच्या उत्तरार्धात मान्सूनपूर्व वाऱ्यांमुळे समुद्र खवळू लागतो आणि महिन्याच्या अखेरच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत प्रवासी होड्या व जलक्रीडा बंद ठेवल्या जातात. बंदी लागण्यापूर्वीच्या शेवटच्या आठ-दहा दिवसांत पर्यटकांची गर्दी सर्वाधिक असते आणि समुद्राची साथ सर्वांत कमी. दिनांक २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंग करून परतणारी पर्यटकांची होडी उलटली व दोघांचा मृत्यू झाला. तारखेकडे लक्ष दिल्यास बरेच काही उमगते.

बागायतदारांच्या गटाने मे महिन्यातच जायचे ठरवले, तर निदान पहिला पंधरवडा निवडावा. हैदराबाद येथील राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र लाटांच्या उंचीचे अंदाज व इशारे प्रसिद्ध करते. निघण्यापूर्वी आणि पुन्हा आदल्या संध्याकाळी ते पाहावेत. आकाश निरभ्र असतानाही दूरच्या वादळाच्या लाटा किनाऱ्यावर येऊ शकतात, हे पठारावरच्या माणसाला सहज पटत नाही.

निफाड ते मालवण हे अंतर रस्त्याने सुमारे सहाशे किलोमीटर आहे. रात्रभर बसने प्रवास करून पहाटे पोहोचायचे आणि आंघोळ करून थेट धक्क्यावर जायचे, असा कार्यक्रम एका दिवसाचे निवासभाडे वाचवण्यासाठी आखला जातो. झोप न झालेल्या व गाडी लागलेल्या माणसाला होडीही हमखास लागते. मधली एक रात्र मालवणात विश्रांतीची असावी. सकाळी हलकी न्याहारी घ्यावी. आदल्या रात्री मद्यपान झाले असल्यास त्या व्यक्तीने पाण्यात उतरू नये, आणि गटप्रमुखाने याबाबतीत भीड बाळगू नये.

होडी व तांडेल

मालवणच्या समुद्रात स्थानिक तांडेल का हवा, याचे उत्तर इतिहासात आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभारला. या जागेभोवती पाण्याखाली दडलेल्या खडकांची रांग आहे आणि वाट ठाऊक नसलेल्या परक्या जहाजाला तेथे शिरणे कठीण होते. ज्या खडकांनी किल्ल्याचे रक्षण केले त्याच खडकांवर आज प्रवाळ वाढलेले आहेत आणि तेच पाहण्यासाठी पर्यटक येतात. खडकांमधील वाटा भरतीला वेगळ्या व ओहोटीला वेगळ्या असतात. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या गाबित समाजाकडे आहे. पर्यटनाच्या होड्या चालवणाऱ्यांत याच समाजातील तरुण मोठ्या संख्येने आहेत. तारकर्ली येथील महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण केंद्रामुळे शास्त्रशुद्ध प्रशिक्षणाची सोयही जवळच उपलब्ध झाली आहे.

प्रवासी होडीला महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना लागतो व त्यात प्रवासीसंख्या नमूद असते. होडी ठरवताना परवाना, त्याची मुदत, विमा आणि प्रत्येकाच्या मापाची जाकिटे पाहून घ्यावीत. लहान मुलांना मोठ्यांचे जाकीट चालत नाही, ते वर सरकून डोक्यातून निघते. गटात परवान्यातील संख्येपेक्षा दोन माणसे जास्त असतील तर दुसरी होडी घ्यावी. ‘आपलीच माणसे आहेत, थोडे सरकून बसू’ हा एस.टी.तील शिष्टाचार होडीत प्राणघातक ठरतो.

होडीचा तोल हा केवळ वजनाचा प्रश्न नाही, ते वजन कोठे आहे याचाही आहे. बसलेली माणसे उभी राहिली की एकूण भाराचे केंद्र वर सरकते. सर्वजण एका बाजूला गेले की ते कडेकडे सरकते. मग लहानशी लाटही होडी उलटवण्यास पुरेशी होते. जानेवारी २०१८ मध्ये डहाणूजवळ विद्यार्थ्यांची होडी उलटून तीन विद्यार्थिनी दगावल्या, तेव्हा एका बाजूला झालेल्या गर्दीची चर्चा वृत्तपत्रांत झाली होती. डॉल्फिन दिसला की सगळी होडी एका अंगाला धावते. म्हणून छायाचित्रे बसूनच काढायची, हे धक्का सोडण्यापूर्वीच ठरलेले असावे.

खासगी होडीचा खरा लाभ एकांतात नाही, निर्णयस्वातंत्र्यात आहे. सार्वजनिक फेरीत दहा अनोळखी प्रवाशांसाठी वेळापत्रक पाळावे लागते. स्वतःची होडी असलेला गट अर्ध्या वाटेवरून परतू शकतो. व्यवहारात मात्र याच्या उलट घडते. ‘पूर्ण होडीचे पैसे दिले आहेत’ या भावनेने गट तांडेलावर दबाव आणतो. ज्याची त्या महिन्याची मिळकत या होडीवर अवलंबून आहे, त्याला नकार देणे जड जाते. यावर उपाय सोपा आहे. आगाऊ रक्कम देतानाच असे ठरवावे की, समुद्रात जायचे की नाही याचा निर्णय तांडेल घेईल, त्याने नकार दिल्यास तारीख बदलेल किंवा ठरलेला भाग परत मिळेल, आणि त्याच्या एका दिवसाच्या खोळंब्याचा मोबदला गट देईल. नकार देण्याने तांडेलाचे नुकसान होणार नसेल, तरच तो मोकळेपणाने नकार देईल. प्रत्येक कुटुंबामागे काही रुपये वर्गणी वाढते, एवढेच. हा मजकूर कागदावर असावा, तोंडी नसावा.

पाण्यात उतरताना

स्नॉर्केलिंगमध्ये माणूस पाण्याच्या पृष्ठभागावर पालथा तरंगतो आणि नळीतून श्वास घेतो. नळी हातभराहून आखूड का असते, असा प्रश्न जिज्ञासूंना पडतो. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे एक मीटर खाली गेल्यावरच छातीवर एक दशांश वातावरणाचा जादा दाब येतो आणि त्याविरुद्ध फुप्फुसे फुगवणे श्वसनाच्या स्नायूंना फार वेळ झेपत नाही. शिवाय लांब नळीत उच्छ्वासाची हवा साचून तीच पुन्हा आत घेतली जाते. घरी लांब नळी जोडून प्रयोग करण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

मुखवट्याच्या सपाट काचेतून पाहताना प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे वस्तू सुमारे पाऊण अंतरावर व एक तृतीयांशाने मोठी भासते. परतल्यावर सांगितल्या जाणाऱ्या माशाच्या आकारातून तेवढी वजावट करण्यास हरकत नाही. मुखवटा लावल्यावर नाक बंद होते आणि तोंडाने श्वास घ्यावा लागतो. ही सवय पहिल्यांदा खोल पाण्यात लावण्यापेक्षा निघण्यापूर्वी नाशिकच्या एखाद्या जलतरण तलावात, उथळ भागात उभे राहून दोन-तीन वेळा लावून घेतली तर समुद्रातील निम्मी भीती संपते.

दमा, हृदयविकार, अपस्मार किंवा कानाचा संसर्ग असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय उतरू नये. याची माहिती गटप्रमुखाने प्रत्येकाकडून एकांतात घ्यावी. चारचौघांत विचारल्यास ती दडवली जाते. चार-पाच नवशिक्यांमागे एक मार्गदर्शक असावा आणि प्रत्येकाची जोडी ठरलेली असावी. नळीतून श्वास घेणारा माणूस संकटात सापडला तर हाक मारू शकत नाही. तो निश्चल दिसतो, आणि निसर्ग पाहण्यात रमलेला माणूसही तसाच दिसतो. त्यामुळे होडीत एका व्यक्तीने इतर काहीही न करता केवळ पाण्यातील माणसे मोजत राहावे. नांगर उचलण्यापूर्वी नावे घेऊन मोजणी करावी. तटरक्षक दलाचा १५५४ व आपत्कालीन सेवेचा ११२ हे क्रमांक, तसेच मालवणचे ग्रामीण रुग्णालय व ओरोसचे जिल्हा रुग्णालय यांचे मार्ग लिहून ठेवावेत. विद्यार्थ्यांची सहल असल्यास संस्थेची लेखी मान्यता व पालकांचे संमतिपत्र अनिवार्य मानावे.

प्रवाळांविषयी

मालवणचा सागरी पट्टा १९८७ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर असून त्यांपैकी ३.१८२ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र आहे. प्रवाळ हा दगड नसून सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. घट्ट, गोलसर प्रवाळांची वाढ वर्षाला फार तर सेंटिमीटरभर होते. एका पायाच्या दाबाने तुटलेला भाग भरून येण्यास कित्येक वर्षे लागतात. वर सांगितलेल्या दृष्टिभ्रमामुळे अंतराचा अंदाज चुकतो आणि नवशिका उभे राहण्यासाठी नेमका प्रवाळावर पाय देतो. पूर्ण भरतीची वेळ निवडल्यास डोक्याखाली पाणी जास्त राहून हा धोकाही कमी होतो. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्रवाळाचा तुकडा जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. छायाचित्रासाठी माशांना पाव-बिस्किटे घालण्याची पद्धत काही ठिकाणी रूढ झाली आहे, ती गटाने स्वतःहून नाकारावी. उन्हापासून बचावासाठी मलमांपेक्षा पूर्ण बाह्यांचा अंगरखा बरा, त्याने पाण्यात काही मिसळत नाही.

समुद्र बंद असेल त्या दिवशी

तांडेलाने नकार दिला, तर चाळीस माणसांचा गट दिवसभर किनाऱ्यावर बसून राहतो आणि हळूहळू कोणीतरी गुडघाभर पाण्यात उतरते. म्हणून पर्यायी कार्यक्रम आधीच आखलेला असावा. सावंतवाडीचा राजवाडा व लाकडी खेळण्यांची बाजारपेठ हा एक पर्याय. निफाडच्या मंडळींना अधिक रस वाटेल तो मालवण तालुक्यातीलच धामापूरच्या तलावात. सोळाव्या शतकात बांधलेला हा तलाव झाडीने वेढलेला असून त्याच्या काठी भगवती देवीचे मंदिर आहे. बंधाऱ्याच्या पाटाखाली शेती करणाऱ्यांना त्याची बांध घालण्याची रीत आणि पाणी सोडण्याची व्यवस्था पाहण्यात अर्धा दिवस सहज जातो. संध्याकाळी परत मालवणात येऊन दुसऱ्या दिवसाचा लाटांचा अंदाज पाहावा व तांडेलाशी बोलून पहाटेची वेळ ठरवावी.